जुईलीच्या ट्रेलरचे टायर

जुईलीच्या ट्रेलरचे टायर म्हातारे झालेत, ही बातमी मला आमच्या घरी पोह्यांच्या बशीवर कळली.

‘अगं, सहा वर्षं झालीत त्यांना!’ सुयोग म्हणाला. ‘वरची नक्षी बघशील तर नवी कोरी. कुणालाही वाटेल, अजून चार वर्षं सहज जातील. पण आतून रबर मेलंय.’

‘मग काय, सुतक धरू?’ मी म्हटलं.

तो हसला नाही. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे, त्यावरून टायर कधी बनला ते कळतं, हे त्याने मला पोहे गार होईपर्यंत समजावून सांगितलं. आमच्या बाथरूममधला गीझर दिवाळीपासून ठिबकत होता. तो शेवटी मीच इमारतीच्या हारिसला, म्हणजे रखवालदाराला, बोलावून दुरुस्त करून घेतला. माझा नवरा इथे कुवेतला रिफायनरीत रिलायबिलिटी इंजिनिअर. म्हणजे चालू असलेले पंप कधी बंद पडतील याची काळजी करण्याचा त्याला पगार मिळतो. घरी दिव्याखाली अंधार, आणि तिकडे शहराबाहेर सुलैबियात दुसऱ्या बाईच्या टायरवर याचा उजेड.

ट्रेलर मुळात सुशांतचा. जुईलीचा नवरा. देश सोडून निघालेल्या एका इंग्रजाकडून त्याने तो घेतला होता. बंद असला की नुसती चाकांवरची पेटी. हँडल फिरवलं की छप्पर वर येतं, दोन बाजूंनी दोन बिछाने बाहेर सरकतात, वर तंबूचं कापड ताणलं जातं, मधे टेबल आणि शेगडी. नोव्हेंबर ते मार्च दर गुरुवारी संध्याकाळी सुशांत आणि सुयोग तो गाडीला जोडून वाळवंटात जायचे. मी एकदाच गेले. रात्रभर शिंका दिल्या आणि सकाळी जाहीर केलं, की वाळूत झोपायला मी कुवेतला आलेले नाही, सलव्यातल्या घरी माझा चांगला पलंग आहे. त्यानंतर मला कुणी विचारलं नाही, आणि कुणी विचारायला मलाही नको होतं.

दोन वर्षांपूर्वी सुशांत ऑफिसात बसल्या जागी गेला. हार्ट. हॉस्पिटल, पोलीस, दूतावास, विमान, सगळं सुयोगने केलं. शवपेटी पुण्याच्या विमानात चढेपर्यंत तो हातात फाइल घेऊन उभा होता, आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेला. ‘मोठा धीराचा हो तुझा नवरा,’ असं आमच्या मंडळींतल्या शामलाताई मला म्हणाल्या. मलाही तसंच वाटलं. ट्रेलर सुलैबियाच्या यार्डात पडून राहिला, दोन उन्हाळे.

मग ऑक्टोबरात जुईली आमच्याकडे जेवायला आली आणि हात धुता धुता म्हणाली, ‘सुयोग, त्या ट्रेलरचे टायर चालतील का रे? वेळ मिळेल तेव्हा जरा बघशील?’

एवढंच. एका वाक्यात तिने माझे सगळे शुक्रवार, इथले सुट्टीचे दिवस, नेले.

पहिल्या शुक्रवारी तो आला तो डोक्याला हात लावूनच. ट्रेलर नुसता उभा करून ठेवला होता. तो म्हणे जॅकवर उचलून ठेवायचा असतो, खाली लाकडी फळ्या घालायच्या असतात, चाकांवर पांढरं कापड टाकायचं असतं. नाहीतर सगळं वजन टायरच्या एकाच जागेवर बसतं आणि इथलं ऊन कडा भाजून काढतं. कडांना बारीक भेगा पडल्या होत्या. नखाने दाबून बघितल्या म्हणाला. मला वाटलं, माझ्या टाचांच्या भेगा या माणसाने कधी बघितल्या आहेत का?

मग शुवैखची टायरची दुकानं सुरू झाली. एका दुकानदाराने त्याच मापाचे कारचे टायर दाखवले, स्वस्तात. सुयोग त्या बिचाऱ्यावर असा भडकला, की घरी येऊनही त्याचा राग गेला नव्हता. ‘कारच्या टायरची कड मऊ असते, आत बसलेल्या माणसाला धक्का लागू नये म्हणून,’ तो मला सांगत होता, मी कणीक मळत होते. ‘ट्रेलरमध्ये माणूस बसत नाही. तो नुसता मागून ओढला जातो. कड मऊ असली तर हायवेवर तो शेपटीसारखा हलायला लागतो, आणि मग पुढची गाडीही घेऊन जातो. ट्रेलरला ट्रेलरचेच टायर लागतात, कडक कडेचे.’ नंतर त्याने ट्रेलरचं वजन करून आणलं. रिकाम्याचं नाही. गॅसचा सिलिंडर, पाण्याची टाकी भरलेली, गाद्या, भांडीकुंडी सगळं आत ठेवून. टायरवर लिहिलेला भार त्या वजनाहून बराच जास्त हवा, काठोकाठ चालत नाही. माझं वजन या वर्षी किती वाढलंय ते त्याला विचारलं असतं, तर ‘कशाचं?’ म्हणाला असता.

टायरची पहिली जोडी आली. आकडे वाचले, दोन वर्षं कुठल्यातरी गोदामात तापलेले निघाले. परत. दुसरी आली. दोन टायरच्या वयात फरक. परत. डिसेंबरच्या मध्याला तिसरी जोडी एकदाची बसली. मी मनातल्या मनात साखर वाटली. पुढच्या शुक्रवारी हा पुन्हा पाना घेऊन निघाला.

‘आता काय राहिलं?’

‘थोडं चालवलं की नट पुन्हा आवळायचे असतात.’

त्याच्या पुढच्या शुक्रवारी हवेची तोटी. त्याच्या पुढच्या शुक्रवारी हवा.

‘आणि माझ्या गाडीचे टायर?’ मी विचारलं.

‘तुझे ठीक आहेत,’ तो बूट घालत म्हणाला.

जुईलीच्या टायरवर तो तासभर बोलायचा. माझे ठीक होते.

आता सरळच सांगते, मी जळत होते. हेवा वगैरे मवाळ शब्द मला नकोत. जुईली माझ्याहून देखणी असती, तरी मी समजू शकले असते. पण ती वाळकी, शांत, हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट, दिवसभर लोकांचे जड पाय उचलायची आणि संध्याकाळी खैतानच्या फ्लॅटवर एकटी जायची. मुलगी पुण्याला शिकायला. तिच्यात वाईट काही सापडेना, त्यामुळे मला जास्तच राग यायचा. आणि हे बोलणार कुणापाशी? नवरा गेलेल्या मैत्रिणीवर संशय घेणाऱ्या बाईला काय म्हणतात, ते मला ठाऊक होतं. सगळं कळत होतं, वळत नव्हतं.

मी पाळत ठेवली. तो थर्मास भरून न्यायचा, आणि दोन कप. एकटा माणूस दोन कप कशाला नेतो? तो आला की मी शर्ट धुवायला टाकायच्या आधी हुंगून बघायची. रबराचा वास यायचा. अत्तराचा आला असता तर निदान कडाकडा भांडता तरी आलं असतं. रबराच्या वासावर काय भांडणार, कपाळ! एकदा शर्ट नाकाला लावलेला असताना समिधाने पाहिलं. ‘आई, यू आर बीइंग सो वीअर्ड,’ म्हणाली आणि हेडफोन लावून निघून गेली. पंधरा वर्षांच्या मुलीला आईच्या पोटात काय पेटलंय ते कळू नये, तेच बरं.

घरी तो असायचा, म्हणजे खुर्चीत असायचा. शुक्रवारी सकाळी मात्र त्याच्या अंगात जीव यायचा. तोंडाने काहीतरी गुणगुणत जिना उतरायचा. मला ते गुणगुणणं सहन होत नव्हतं. माझ्यासाठी तो गुणगुणत जिना चढल्याचं मला आठवत नाही. माझा नवरा हळूहळू दुसऱ्याच घरचा होत चाललाय, आणि तो हातून जायच्या आत मला काहीतरी करायला हवं, एवढं एकच माझ्या डोक्यात घुमत होतं.

अशात जानेवारी उजाडला आणि शामलाताईंचा फोन आला. आमच्या मंडळींतलं संक्रांतीचं हळदीकुंकू दर वर्षी त्याच ठरवतात.

‘शर्वरी, यंदा हॉलबिल नको. सगळ्याजणी वाळवंटात जाऊ. जुईलीचा तो तंबूचा ट्रेलर तुझ्या नवऱ्याने अगदी नवा करून ठेवलाय म्हणे. काळ्या साड्या, मागे तो उघडलेला ट्रेलर, फोटो काय छान येतील!’ मग त्यांनी आवाज खाली आणला. ‘फक्त एकच गं. जुईलीला कुंकवाला… म्हणजे तुला कळतंय ना? काहीजणी कुजबुजतात. तू काय म्हणतेस?’

मागच्या वर्षी याच प्रश्नावर मी शामलाताईंना चांगलं फैलावर घेतलं होतं. जुईली नसेल तर मीही नाही, कुठल्या काळात वावरता, म्हणून सुनावलं होतं, आणि सगळ्यांच्या देखत माझ्या हाताने तिच्या कपाळाला कुंकू लावलं होतं. शामलाताईंना ते आठवत होतं, म्हणूनच त्यांनी मला विचारलं. मी तिला बोलवा म्हटलं असतं, तर विषय संपला असता.

मी म्हटलं, ‘तिलाच विचारून बघा ना, ताई. चारचौघींत तिला अवघड वाटत असेल. उगाच आपण आग्रह करायचा, आणि ती बिचारी संकोचाने यायची.’

इतकं गोड मी जन्मात कधी बोलले नव्हते. फोन ठेवला आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? छान वाटलं. संध्याकाळपर्यंत वाटत राहिलं.

शुक्रवार आला. सुयोग थर्मास घेऊन सुलैबियाला गेला, समिधा अजून उठायची होती, आणि जुईलीचा फोन आला.

‘शामलाताईंनी फोन केला होता,’ ती म्हणाली. ‘मला अवघड वाटेल असं तू म्हणालीस म्हणे.’

‘अगं, मी आपलं तुझाच विचार करून…’

‘मागच्या वर्षी नाही वाटलं ते अवघड.’

तिच्या आवाजात रागही नव्हता. तो असता तर मी सांभाळून घेतलं असतं. त्या शांतपणाने मात्र माझं डोकं फिरलं, आणि इतके दिवस गिळलेलं सगळं तोंडातून बाहेर पडलं.

‘आणि दर शुक्रवारी सुलैबियाला जाताना नाही वाटत अवघड?’

 तिच्या बाजूने कुणीतरी ट्रॉली ढकलत नेत होतं. चाकं कुरकुरत गेली, कुणीतरी मल्याळीत हाक मारली.

‘शर्वरी, शुक्रवारी माझी ड्यूटी असते,’ ती म्हणाली. ‘नोव्हेंबरपासून. आत्ताही मी वॉर्डातूनच बोलतेय.’

मी कॅलेंडरकडे बघत उभी राहिले.

‘मी यार्डात गेले ती टायर बसवले तेव्हा. एकदाच, आणि तेही शनिवारी,’ ती सांगत होती. ‘मी तो ट्रेलर विकतेय. म्हणून तर टायरचं विचारलं होतं. मला तो बघवत नाही गं. माझ्या हॉस्पिटलातल्या मुनिराच्या भावाला हवाय, तो डिसेंबरपासून थांबलाय. पण सुयोग दर आठवड्याला म्हणतो, अजून देऊ नकोस, टायर अजून बरोबर नाहीत. मला वाटलं, हे सगळं तुला माहीत असेल.’

‘नाही,’ मी म्हटलं. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

‘तुला काय वाटलं होतं?’ तिने विचारलं, आणि विचारता विचारताच तिला ते कळलं असावं.  ‘मी येणार नाही म्हणून शामलाताईंना कळवलंय,’ ती शेवटी म्हणाली. ‘पेशंट थांबलाय.’ फोन बंद झाला.

ज्या बाईला मी तीन महिने मनातल्या मनात ओरबाडत होते, ती त्या वेळी कुणाचातरी गुडघा वाकवत उभी होती. तिच्यापुढे आता कुठल्या तोंडाने जायचं? पण त्याहून मोठा प्रश्न समोर होता आणि तो मला बसू देईना. जुईली तिथे नव्हती, तर माझा नवरा दर शुक्रवारी कुणाकडे जात होता?

मी गाडी काढली.

यार्ड म्हणजे पत्र्याच्या शेडखाली एकाला एक लागून उभ्या केलेल्या बोटी आणि ट्रेलर. दारावर यार्ड सांभाळणारा तौफीक स्टुलावर बसला होता. मला बघून तो गडबडीने उठला.

‘भाभीजी, आप? साहब अंदर हैं। अभी मुझे चाय पिलाके गए।’

दुसरा कप तौफीकचा होता तर. ‘अकेले हैं?’ मी विचारलं.

‘अकेले ही आते हैं,’ तो म्हणाला. ‘खोलते हैं, बैठते हैं, फिर बंद करके जाते हैं।’

ट्रेलर शेडच्या टोकाला होता, छप्पर वर केलेला, कापड ताणलेलं. दोन्ही चाकं फळ्यांवर उभी होती, काळीभोर, धुतलेली. पांढरं कापड घडी करून बाजूला ठेवलं होतं. सुयोग आत उजव्या बिछान्याच्या कडेवर बसला होता. पुढच्या टेबलावर हवा मोजायचा गेज. हातात पाना नाही, फडकं नाही, फोनसुद्धा नाही. तो समोरच्या रिकाम्या बिछान्याकडे बघत बसला होता.

मला पाहून तो दचकला नाही. ‘तू कशी काय?’ म्हणाला.

‘जुईली ट्रेलर विकतेय.’

‘हो.’

‘तुला माहीत होतं.’

‘टायर बरोबर नाहीत अजून,’ तो म्हणाला. ‘डावा हवा सोडतोय.’

मी टेबलावरचा गेज उचलला, खाली वाकले, डाव्या चाकाच्या तोटीचं टोपण काढलं आणि गेज दाबला. तीन महिने कानावर पडून पडून मला सगळं पाठ झालं होतं. पन्नासची हवा हवी. काटा बावन्नवर गेला.

‘दोन जास्तच आहे.’

‘ऊन लागलंय त्याला. तापलेला टायर जास्तच दाखवतो. सकाळी थंड असताना बघावी लागते.’

‘मग उद्या सकाळी बघ, आणि तिला सांग, देऊन टाक म्हणून.’

त्याने हात पुढे करून गेज माझ्याकडून काढून घेतला.

‘सुयोग, तू तिच्यासाठी येतोस असं वाटत होतं मला.’

‘कुणासाठी?’

त्याला खरंच कळलं नव्हतं. कुणाबद्दल बोलतेय, ते मला नाव घेऊन सांगावं लागलं, आणि तेव्हाही तो माझ्याकडे असा बघत राहिला, की मला माझीच लाज वाटली. मला हायसं वाटायला हवं होतं. नवरा कुठे गेला नव्हता. पण पोटातली आग काही विझेना. उलट तिने दुसरीकडेच पेट घेतला. बाई असती तर तिच्याशी भांडले असते, तिच्यापुढे नटले असते, तिला शिव्या दिल्या असत्या. मेलेल्या माणसाशी कशी भांडू? दोन वर्षं हा माझ्या शेजारी झोपत होता आणि सुशांतचं नाव एकदाही त्याच्या तोंडून निघालं नव्हतं. मी विचारलं की ‘ठीक आहे’ म्हणायचा. ते सगळं त्याने इथे आणून ठेवलं होतं, या कापडी पेटीत, आणि ती विकली जाऊ नये म्हणून चांगले टायर वाईट ठरवत होता. जे माझ्याकडे यायला हवं होतं, ते शुक्रवारी शुक्रवारी इथे येत होतं.

मी पायरी चढून आत गेले. आत दोघांना उभं राहायलाही जागा नव्हती. मी डाव्या बिछान्याकडे वळले.

‘तिथं नको,’ सुयोग म्हणाला.

‘का?’

‘नको म्हणतोय ना. ती त्याची बाजू आहे.’

मी बसले.

चांगली मांडी घालून बसले. गादीतून धुळीचा वास आला आणि नाक चुरचुरायला लागलं. सुयोग उठून उभा राहिला, त्याचं डोकं कापडाला लागलं.

‘शर्वरी, ऊठ तिथून.’

‘नाही उठणार.’

‘ऊठ!’

इतक्या वर्षांत तो माझ्यावर कधी ओरडला नव्हता. बाहेर तौफीकचं स्टूल सरकल्याचा आवाज आला. सुयोगने माझा दंड धरला, मला ओढायला लागला, आणि ओढता ओढताच त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. दंड त्याने सोडला नाही. तो तसाच वाकून, तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखा हमसून रडायला लागला. मधेच ‘सुशांत’ म्हणाला, परत म्हणाला. माझं नाव घेतलं नाही.

मी ते ऐकत होते. दंड दुखत होता, आणि खरं सांगायचं तर तेव्हाही मी जळतच होते. पण त्या जागेवरून मी उठले नाही.